मागचं दार तेवढं दिसत नाही

भाऊजी,

चहा थर्मासमध्ये आहे, नाश्ता झाकून ठेवलाय. दुकान मीच उघडते. आणि मास्तरांना आज कामावरून काढायचं नाही.

दुकानातून पडद्याच्या कापडाचा आणखी एक तागा चोरीला गेला, त्यावर काल जेवताना तुम्ही म्हणालात, "मास्तरच कॅमेरा चुकवून नेतात." तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली. कॅमेऱ्याला कुठला भाग दिसत नाही, हे शिलाई मशीनवर मान खाली घालून बसणाऱ्याला कसं कळणार? ते कळतं मोबाईलमध्ये बघणाऱ्याला.

कॅमेरा इंटरनेटला जोडला त्या दिवशी मी दुकानात स्टुलावर उभी होते आणि तुम्ही घरी सोफ्यावर पाय पसरून मोबाईलमध्ये बघत फोनवर सांगत होतात. "वहिनी, अजून थोडा डावीकडे. अजून. हां, आता झकास!" मान अवघडेपर्यंत मी कॅमेरा फिरवत राहिले.

रात्री तुमच्या दादांच्या मोबाईलवर ते ॲप मी पहिल्यांदाच उघडलं. गल्ला दिसतो, मशीन दिसतं, मास्तरांचं टक्कलसुद्धा चकाकताना दिसतं. मागचं दार तेवढं दिसत नाही.

कुंपणच शेत खातंय, असं मी म्हणत नाही. दादांनाही अजून काही बोलले नाही. दुकानात गेल्यागेल्या मी पुन्हा स्टुलावर चढणार आहे. चहा घेता घेता मोबाईलमध्ये बघत राहा. मागचं दार नीट दिसायला लागलं, की फोन करून तुमच्या तोंडानेच सांगा, "वहिनी, आता झकास."

— वहिनी