दहापैकी दहा

प्रिय नीवेस,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. सप्टेंबरपासून तू तूरीनच्या शाळेत सोळा-सतरा वर्षांच्या मुलांना तत्त्वज्ञान शिकवणार, हे वाचून मी स्वयंपाकघरात खुर्ची ओढून बसलेच. माझी जुनी टिपणं मागितली आहेस. 'बाई, पहिल्याच तासाला तुम्ही म्हणाला होतात, हा विषय पाठ करायचा नाही, जगून बघायचा. मलाही तसंच शिकवायचंय,' असं लिहिलंयस. टिपणं कपाटात आहेत, देईन. पण त्याआधी एक गोष्ट बोलायची आहे. चौदा वर्षांत मला ती बोलण्याचं धाडस झालं नाही.

त्या फेब्रुवारीत तुझ्या भावाची, डेनिसची, होडी उलटली. चौथ्या दिवशी त्याचा देह किनाऱ्याला लागला आणि नवव्या दिवशी तू वर्गात येऊन बसलीस. तोंडी परीक्षा चालू होती. तुझं नाव मी गाळणार होते, तर तूच हात वर केलास. "बाई, आज माझा नंबर आहे." टेबलाशी उभी राहून तू बोललीस, आपल्या हातात काय असतं आणि काय नसतं यावर. "समुद्र माझ्या हातात नाही. वारा नाही. डेनिसही नव्हता. मी कशी वागते, एवढंच माझं." मागच्या बाकावरचा तो दांडगा मोरेनो हुंदके देत होता, तुझा आवाज मात्र कापला नाही. मी दहापैकी दहा दिले. बावीस वर्षांत कुणालाही दिले नव्हते. वर पुन्हा वर्गाला म्हणाले, "बघा, याला म्हणतात शिकणं." पुढे कित्येक वर्षं मी प्रत्येक नव्या वर्गाला तुझी गोष्ट सांगायचे. अभिमान तुझा होता, पण खरं सांगू? त्याहून जास्त माझा स्वतःचा होता.

तू टेबलाची कड धरली होतीस. इतकी घट्ट, की नखं पांढरी पडली होती. मला ते दिसलं होतं, नीवेस. दिसत असताना मी गुण लिहिले.

त्यानंतर महिनाभरात तुझी आई मला मासळीबाजारात तिच्या दुकानावर भेटली. मासे कापायची सुरी बाजूला ठेवून म्हणाली, "बाई, पोरगी घरात रडत नाही हो. ताट ठेवलं की जेवते, भांडी घासते, पुस्तक उघडते. तिचा बाप तर कधीच गेला. मला मेलीला एकटीलाच रडायला ठेवलंय तिनं." मी काय सांगितलं असेल? "आसुंता, अहो, मुलगी खंबीर आहे तुमची." तिनं सुरी उचलली आणि पुढचा मासा कापायला घेतला. त्या दिवसापासून मी दुसऱ्या टोकाच्या दुकानातून मासळी घ्यायला लागले.

गेल्या नोव्हेंबरात माझे यजमान सांते पाव आणायला गेले आणि पुलाच्या पायरीवरच कोसळले. तुला मी दोन ओळींत कळवलं होतं. तूही फार समजूतदार उत्तर पाठवलंस. अंत्यविधीनंतर मी तीच टिपणं काढून मोठ्यानं वाचली. एकही वाक्य चुकीचं नव्हतं, आणि एकही माझ्यापर्यंत पोचत नव्हतं. सांतेंचे बूट पुढ्यात घेऊन मी जमिनीवर बसून होते, तेवढ्यात दार ढकलून आसुंता आत आली. तिनं रश्शाचं पातेलं ओट्यावर ठेवलं, कोट काढला, आणि त्या दुखऱ्या गुडघ्यांनी माझ्याशेजारी खाली बसली. "रडा बाई. मी आहे इथं." एवढंच बोलली. मग दर गुरुवारी येऊ लागली. मी सांतेंबद्दल बोलायचे, ती डेनिसबद्दल. तो किती बेसूर गायचा, मक्याच्या पिठाच्या पोलेंताची करपलेली खरवड कशी चोरून खायचा. एकदा सहज विचारावं तसं तिनं विचारलं, "तुम्हाला लिहिते ना ती? त्याचं नाव तरी घेते का?" तुझी सगळी पत्रं मला पाठ आहेत. त्यांत त्याचं नाव एकदाही नाही.

टिपणांतल्या त्या विचारांनी तुला उभं ठेवलं, हे मी जाणते. ते खोटे नाहीत. पण रडून झाल्यावर माणसानं परत उभं कसं राहावं, यासाठी ते आहेत. मी ते तुला रडण्याऐवजी दिले. त्या दिवशी मी खुर्चीतून उठायला हवं होतं. वही मिटून तुझ्याजवळ यायला हवं होतं. मी बसून राहिले. माझी चूक झाली, पोरी.

आता खरं कारण लिहिते. गेल्या गुरुवारी आसुंता आली नाही, म्हणून मी तिच्या घरी गेले. तिच्या पोटात गाठ आहे. डॉक्टर म्हणतात, नाताळ दिसणार नाही. तिनं माझ्याकडून शपथ घेतली, "तिला कळवू नका हो. नवी नोकरी आहे तिची. आणि आली तरी पलंगाशी दगडासारखी बसेल, ते मला बघवायचं नाही." ती शपथ मी आज मोडतेय. शाळा सुरू व्हायची वाट बघू नकोस, याच आठवड्यात ये. ती दिवसभर डेनिसबद्दल बोलते. ऐकायला मी बसते, हो-हो म्हणते. पण मी तर त्या मुलाला एकदाही पाहिलेलं नाही.

तुझीच,
एल्दाबाई