मुद्दाम फाडलेली अक्षरं

प्रिय ठमे,

तुझी ती पाटी मला दारावर नको. एकदा सांगितलं, दोनदा सांगितलं, तुझं आपलं एकच, "आई, हल्ली असंच चालतं." जिथे चालतं तिथे चालू दे. आपलं दुकान रफूचं आहे. लोक फाटलेलं घेऊन येतात आणि सलग करून नेतात, आणि वर पाटीवरचं 'रफू'च उंदरांनी कुरतडल्यासारखं. कडांचे टवके उडालेले, मधे भोकं, सगळ्यावर पांढरे ओरखडे. एक बाई विचारून गेल्या, आग लागली होती का. दूधवाला म्हणतो, भंगारातून आणली का. नवी कोरी आहे, पोरीनं केलीय, हे सांगून सांगून तोंड दुखलं माझं. आणि नुसतं तोंड दुखलं असतं तर पत्र लिहायला बसले नसते. तुझ्या त्या अक्षरांपायी दुकान बंद व्हायची वेळ आलीय.

तू हे कसं करतेस ते मी बघितलंय. मागे आली होतीस तेव्हा जेवायच्या टेबलावर कागद पसरले होतेस. आधी अशी ठसठशीत काळी अक्षरं काढलीस की मी कणीक मळता मळता बघायला आले. मग पॉलिश पेपर घेतलास आणि लागलीस घासायला. चिकटपट्टी लावायची, ओढायची, अक्षराचं कातडं सोलायचं. मी ओरडले तर हसलीस. म्हणालीस, कॉफीच्या पिशव्यांवर हीच लागतात, भुताच्या सिनेमाला हीच, गुडघ्यावर फाडलेल्या विजारी विकणाऱ्यांनाही हीच. बरं बाई. भुताला शोभत असेल. लांबून, मोठी काढली की ऐटबाज दिसतात हेही कबूल, मी काही आंधळी नाही. पण तीच बारीक करून तू पाटीखाली दुकानाच्या वेळा लिहिल्यास. तिथे मुंग्या चिरडल्यासारखं दिसतं. सकाळी उघडतो की संध्याकाळी, देव जाणे.

आता बाबांचं ऐक. फोनवर मी "बरे आहेत" म्हणत आले, कारण त्यापुढचं ऐकायला तुला वेळ कुठे असतो. बरे नाहीत. मोतीबिंदू काढल्यापासून त्यांनी सुई धरलेली नाही. सिगारेटनं जळलेल्या कोटाचं भोक असं बुजवायचे की मालकाला जागा सापडू नये, तो माणूस आता कापड बोटांनी चाचपतो आणि "जमायचं नाही" म्हणून परत देतो. डॉक्टरांनी दिलेला जवळचा चष्मा डबीतून बाहेर आलेला नाही. डॉक्टर म्हणतात डोळा उत्तम झाला. हे म्हणतात, ते असंच म्हणतात. मला आधी वाटलं आळस. मग वाटलं, कंटाळले असतील. नको नको ते बोलले मी त्यांना. आणि एक दिवस शेजारच्या किल्लीवाल्याला सांगून मोकळे, की दुकान तू घे.

परवा शाळेतल्या बाई स्वेटर घेऊन आल्या. हसत हसत म्हणाल्या, काका, इतरांचं शिवता, स्वतःची पाटी कधी शिवणार, भोकं पडलीत की तिला. बाबा स्टुलावरून उठलेच. बाईंनाच विचारलं, "तुम्हालाही तशीच दिसते?" मी आत बटणं निवडत होते, तो आवाज ऐकून बाहेर आले. त्या गेल्यावर बाबांकडून एकेक काढून घेतलं. ठमे, डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी मीच त्यांना हाताला धरून थेट दुकानासमोर उभं केलं होतं. म्हटलं, बघा, लेकीनं काय पाठवलंय. नव्या डोळ्यानं त्यांनी पहिल्यांदा नीट बघितली ती तुझी पाटी. तुटकी अक्षरं, मधे भोकं, पांढऱ्या रेघा. त्यांना वाटलं डोळा गेला. तू हौसेनं पाठवलेली, म्हणून "छान आहे" म्हणाले आणि आत जाऊन बसले. ते आजवर बसलेत.

मी घसा फोडून सांगितलं, अहो, ती केलीच आहे तशी. ऐकत नाहीत. मी समजूत काढतेय म्हणतात. शाळेतल्या बाईंनीही दयेपोटी मुद्दाम तसं म्हटलं म्हणतात. म्हटलं, चष्मा घाला आणि सुई धरून बघा, तर मान फिरवतात. लोकाच्या कोटावर डोळ्याची परीक्षा घ्यायची का, म्हणतात. आणि वर मलाच विचारतात, "बापाच्या दुकानावर फाटकी अक्षरं कोण लावेल? माझी पोर असं करायची नाही." स्वतःच्या डोळ्यापेक्षा त्यांचा तुझ्यावर भरवसा जास्त.  

म्हणून हे लिहितेय. पाटी मी रागानं उतरवणार होते, पण उतरवली तर म्हणतील, बघ, लपवलीस. सोमवारी किल्लीवाला दुकानाच्या चाव्या घ्यायला येणार आहे. त्याच्या आत तू ये आणि त्यांच्यासमोर बसून सांग, की हो बाबा, मीच केली तशी, मुद्दाम केली. फॅशन सांगू नकोस, मागणी सांगू नकोस. फोनवर तर मुळीच नको, आईनं पढवलंय म्हणतील. त्यांना वाईट वाटेल, तुलाही वाटेल, वाटू दे. रविवारी दुपारपर्यंत तू मला दारात हवीस. येणार की नाही, एवढंच, शुक्रवारच्या आत कळव.

रागावलेली आणि तरीही तुझीच,
आई