नानांची संथा

॥ श्री ॥
पंचवटी, नाशिक
६ ऑक्टोबर २०२५

ती. दादास सईचा सा. न. वि. वि.

तिकडे तू, वहिनी आणि छोटी गोदा खुशाल असाल. फोनवर बोलायचा धीर होईना, म्हणून लिहिते. हसायचं असेल तर हस.

तिकडच्या नर्सच्या नोकरीसाठी मी डच शिकायला लागले, तेव्हा नानाही शेजारी पाट टाकून बसायचे. तुम्हाला सांगायची सक्त मनाई होती. नातीला मराठी येत नाही ना, मग तिच्याच भाषेत बोलून तिला चकित करायचं होतं. पण शिकणार आपल्या वेदपाठशाळेच्या रीतीने, संथा घेऊन. गुरूने एकदा म्हणायचं, शिष्याने दोनदा, आणि जमल्याशिवाय पुढची ओळ नाही. गुरू मी!

‘आख्त एन ताख्तिख प्राख्तिखे ख्राख्तन’ इथे गाडी अडली. अठ्ठ्याऐंशी सुंदर कालवे. ख घशातून खरवडून काढायचा, तर नाना दर वेळी खणखणीत ‘ग्राख्तन’ म्हणायचे. ते जमायच्या आतच गेले.

दादा, अजूनही सकाळी मी एकदा म्हणते आणि रिकाम्या पाटावरून दोनदा ऐकू येतं. ग्राख्तन, ग्राख्तन. भीती वाटते, आणि उद्या ऐकू आलं नाही तर याची त्याहून जास्त वाटते. परीक्षा तोंडावर आली, पण पुढची ओळ घेववत नाही.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
सई

उट्रेख्ट
१८ ऑक्टोबर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

हसलो नाही. एकटी राहतेस, जेवणाची आबाळ करतेस, त्यात हे दुःख. ज्याला संथा जमायचीच नाही, त्याच्या हातावर नाना खडीसाखर ठेवायचे आणि दुसरा गुरू बघ म्हणायचे, आठवतं? तूही तेच कर. परीक्षा बुडवलीस तर त्यांनाच वाईट वाटेल.

तब्येतीला जप.
दादा

पंचवटी, नाशिक
५ नोव्हेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

पास झाले. तू म्हणालास तसं पाटावर खडीसाखर ठेवली, नानांना दुसरा गुरू बघायला सांगितलं आणि पुढची ओळ म्हटली. कुणीच काही म्हटलं नाही. मी हुंदके देऊन रडले रे. बापाला घराबाहेर काढल्यासारखं वाटतं.

तुझीच,
सई

उट्रेख्ट
१७ नोव्हेंबर

चि. सईस अनेक आशीर्वाद.

शाब्बास! आता रडू नकोस, नीट वाच. तुझी पत्रं मी कुणाला दाखवली नाहीत, अगदी तुझ्या वहिनीलाही नाही.

आज सकाळी गोदा जिन्यावर बसली होती, शेजारी एकाची जागा सोडून. तुझी ती कालव्यांची ओळ एकदा म्हणायची, मग गप्प राहून ऐकायची, नकारार्थी मान हलवायची आणि पुन्हा एकदा म्हणायची. काय चाललंय म्हणून विचारलं, तर तोंडावर बोट ठेवून मलाच गप्प केलं. मग हळूच म्हणाली की आजोबांचा ख अजून चुकतोय.

लवकर ये. आम्ही सगळेच वाट पाहतो आहोत.
दादा