एकाच डोळ्याला काजळ

३ फेब्रुवारी
आज खोटं बोललो. गच्चीवरच्या खोलीत, दुर्बिणीला डोळा लावून, हिच्याशी.

मोठा तारा दिसत होता. त्याला चिकटलेला मंद सोबती — तीस वर्षं ज्याची मापं घेतोय तो — काही केल्या दिसेना. टेबलाशी ही वही उघडून बसलेली. "अहो, सांगा लवकर, हात गारठला." खगोल संस्थेने पाठवलेल्या कोष्टकातला अंदाजाचा आकडा ठोकून दिला — कोन दोनशे चौदा अंश.

"नक्की?" रोजच विचारते.

"नक्की."

५ फेब्रुवारी
डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. घरी सांगितलं, पेन्शनचं काम आहे. उजव्या डोळ्यात मधोमध डाग पडलाय, जाणार नाही. डावा तर जन्माचा आळशी. "वाचता येईल, फिरता येईल, काळजी कसली?" — डॉक्टर.

त्यांना काय सांगू! या दोन महिन्यांत सोबती मोठ्याच्या सर्वांत जवळून जाणार. पुन्हा जाईल तेव्हा आम्ही दोघंही नसू. संस्थेतले गणिती माझ्या मापांवरून त्याची कक्षा मांडणार आहेत. दुसऱ्या कोणाला दुर्बीण द्यावी तर जीव होत नाही.

८ फेब्रुवारी
बटण लावायला बसलो. सुईत दोरा जाईना. हिने सुई काढून घेतली, चष्म्याशिवाय एका झटक्यात ओवली. शाळेत चित्रकला शिकवण्यात जन्म गेलेला डोळा! बटणही तिनेच लावलं.

१४ फेब्रुवारी
हल्ली ही संध्याकाळी माझ्या आधी अर्धा तास वर जाते. "छत उघडते, दुर्बीण जरा निवू दे. तुम्ही चहा घेऊन सावकाश या." बरंच आहे. तेवढ्यात कोष्टक पाठ करतो. खोटंही नीट बोलावं लागतं — आज मुद्दाम अर्धा अंश चुकवला. दोनशे साडेसोळा.

१५ फेब्रुवारी
हिच्या डोळ्याभोवती काळं. काजळ — या वयात! तेही एकाच डोळ्याला. चिडवणार होतो, राहून गेलं. छान दिसत होती.

२३ फेब्रुवारी
लग्न झालं त्या वर्षी हिला दुर्बीण शिकवली होती. म्हटलं होतं, पुरता अंधार पडायची वाट बघू नकोस. थोडा उजेड असतानाच मोठ्याचा झगमगाट कमी असतो, मंद सोबती तेव्हा सापडतो. कोन मोजायच्या मापकाचा धागा दोघांवर कसा आणायचा, तेही तिने पटकन उचललं. मग मी डोळा लावत गेलो आणि ती वही लिहीत गेली. हे कोणी ठरवलं, आठवत नाही. आज त्याचं वाईट वाटलं.

२ मार्च
सगळं सांगायचं ठरवून वर गेलो. "अगं, ऐक —" म्हटलं. "आधी आकडा, मग गप्पा." आकडा सांगितला. मग दुर्बीण झाकून खाली आलो, न सांगताच.

६ मार्च
हिने मापांची स्वच्छ नक्कल करून संस्थेत पाठवूनही दिली. तीस वर्षांचं खरं एका महिन्याच्या खोट्याने बुडवलं मी.

७ मार्च
गणितींना कबुलीचं पत्र लिहिलं. पेटीत टाकलं नाही.

१७ मार्च
गणितींचंच पत्र आलं. कोष्टक चुकलं होतं म्हणे. सोबती पाच अंश पुढे आहे, दुसऱ्या वेधशाळेतही तेच माप आलं. "इतकी नेटकी मापं तुम्ही याआधी कधी पाठवली नव्हती."

पण मी तर कोष्टकच सांगत होतो! पत्र चारदा वाचलं. मग वही काढली, भिंग लावलं. ३ ते ८ फेब्रुवारीच्या माझ्या आकड्यांवर बारीक काट. पुढे सगळं तिच्या अक्षरात, पण मी सांगितलेलं एकही नाही. मी दोनशे साडेसोळा म्हटलं त्या दिवशी वहीत दोनशे एकवीस. निरीक्षकाचा रकाना रोज रिकामा.

१८ मार्च
रिकाम्या रकान्यात तिचं नाव लिहिलं, रोजच्या रोज. गणितींनाही कळवलं. संध्याकाळी, उजेड असतानाच, वही घेऊन टेबलाशी मी बसलो.

"दिसला. दोनशे बत्तीस."

"नक्की?" मी विचारलं.

ती वळली. डोळ्याभोवती दुर्बिणीच्या रबराचा काळा गोल. पुसू दिला नाही.