डाव्या हाताचं प्रेशर

बाबा, तुम्हाला मी कधी अरेतुरे केलं नाही. आज करते. जाऊन वीस वर्षं झाली, आता तू काही उठून थोबाडीत देणार नाहीस.

काल घाटकोपरला आमच्या हॉस्पिटलात एक आजोबा आले होते. मी तिथे रक्तवाहिन्यांची तपासणी करते. दोन्ही दंडांना आणि दोन्ही घोट्यांना पट्टा बांधायचा, चारही ठिकाणचं प्रेशर घ्यायचं आणि आकडे शेजारी शेजारी मांडायचे. टाकी एकच, पण एका घरात धार बारीक येत असेल तर त्या पाइपात काहीतरी साचलंय, इतकी साधी गोष्ट. आजोबांनी डावी बाही वर केली आणि म्हणाले, "सिस्टर, ह्याच हातात घ्या ना. ह्याच्यात कमी येतं." मी त्यांच्यावर अशी ओरडले की बाहेरून त्यांची सून धावत आली. नंतर माफी मागितली. ती ओरड तुझ्या वाटणीची होती, त्यांना फुकट मिळाली.

डावा हात म्हटलं की माझं सगळं बालपण डोळ्यांपुढे येतं. मी जन्माची डावखुरी. भांडुपच्या त्या दीड खोलीत मी पाटावर बसलेय, डाव्या हाताने भाताचा घास उचलते आणि तू पळीचा दांडा बोटांवर हाणतोस. "त्या हातान माणसा काय करतत, म्हायत नाय तुका?" आई मध्ये पडली की तिचाही उद्धार. पेन्सिल डाव्या हातात दिसता कामा नये, असं शाळेत जाऊन बाईंना बजावून आलास. एकदा शेजारच्या सत्यनारायणाला मी प्रसाद डाव्या हातात घेतला. सगळ्या चाळीदेखत तू माझा हात झटकलास, शिरा खाली सांडला, आणि मग अन्नाचा अपमान केला म्हणून वर आणखी एक ठेवून दिलीस.

आणि स्वतःचं काय? तू कंपनीची बस चालवायचास, दरवर्षी फिट असल्याचा दाखला लागायचा. उजव्या हातात प्रेशर जास्त येतं आणि डाव्यात कमी, हे तुला कुठल्याशा वर्षी कळलं. झालं! तेव्हापासून दवाखान्यात गेलास की डावा हात पुढे. तिथे देव आड आला नाही. गिअर टाकून टाकून तो हात भरून यायचा, बोटं गार पडायची, आई संध्याकाळी तेल चोळत बसायची, तरी तुझ्या लेखी तोच गुणाचा हात. अरे, आजारी तोच होता! त्यात जाणारी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली होती, रक्त नीट पोचत नव्हतं, म्हणून आकडा कमी. खरं प्रेशर उजवा हात सांगत होता, आणि तू त्यालाच खोटा पाडलास.

निवृत्तीला तीन वर्षं उरली तेव्हा कोपऱ्यावरच्या डॉक्टरांना शंका आली. म्हणाले, "पोरगी नर्सिंगला आहे ना? आठवडाभर तिला घरी मोजू दे. कागद आणा, मग सही करतो." मी पहिल्या वर्षाला. दोन्ही दंडांना पट्टा बांधला. उजवा एकशे बहात्तर, डावा एकशे अठ्ठावीस. पुन्हा मोजलं, तेच.

"बाबा, फरक खूप आहे. जास्त येईल तो हात धरायचा आणि डॉक्टरांना सांगायचं, असं शिकवलंय आम्हाला."

"शिकवणारीक सांग, गाडी मी चालवतंय. डावो लिही."

"बसमध्ये पन्नास माणसं असतात, बाबा."

"आणि घरात चार. लिही."

सात दिवस मी डावा लिहिला. डॉक्टरांनी सही केली.

सात महिन्यांनी तू मोरीत पडलास. सुट्टीचा दिवस होता म्हणून ते पन्नास जण वाचले, यात तुझं कर्तृत्व शून्य. उजवी बाजू गेली, वाचा गेली. डावा हात हलत होता, पण त्याने तू घास उचलला नाहीस. आई भरवायची. माझी पाळी आली की मी वाटी उजव्या हातात धरायची आणि पेज डाव्या हाताने भरवायची. मुद्दाम. पहिल्या दिवशी तोंड फिरवलंस, दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी भुकेपुढे तुझं काही चाललं नाही. तुझ्या डोळ्यांतून पाणी आलं आणि मला बरं वाटलं. अजूनही वाटतं. तीन आठवड्यांत तू गेलास.

हट्टापायी गेला, असं मी सगळ्यांना सांगत आले. एक गोष्ट मात्र कुणाला सांगितलेली नाही. तो कागद भरताना मी पेन डाव्या हातात धरलं होतं, तुला डिवचायला. तू समोर बसून सातही दिवस बघत होतास आणि ओरडला नाहीस. शेवटचा आकडा लिहून झाल्यावर कागद उचललास, बघितलास आणि म्हणालास, "अक्षर बरा आसा गो तुझा." उजव्या हाताचे आकडे मी दुसऱ्या कागदावर लिहून ठेवले होते. तो अजून माझ्याजवळ आहे, हे पत्र त्याच्याच घडीत ठेवणार आहे. दवाखाना तेव्हा घरापासून शंभर पावलांवर होता. मी गेले नाही. तू पुन्हा एकदा तसं काहीतरी म्हणशील, म्हणून.