झेंडा वेळेवर पोहोचला

तीर्थस्वरूप साडूभाऊ यांस,

सध्या अंगातले जेवढे सांधे वाकतात तेवढे वाकवून नमस्कार. (गुडघे वाकत नाहीत, त्यामुळे नमस्कार कमरेपर्यंतच आहे, तो गोड मानून घ्यावा.) तुमच्या पाठीचं काय म्हणणं आहे? ताईंचा खोकला थांबला का? इकडे आम्ही दोघं उभे आहोत. हे बढाई म्हणून सांगत नाही, एकदा बसलं की उठायला कुणीतरी हात द्यावा लागतो, म्हणून शक्यतो बसतच नाही. हे पत्रसुद्धा मी दुकानाच्या काउंटरवर उभ्याने लिहितो आहे. समोर एक बाई भिंतीवरचं घड्याळ घेऊन उभ्या आहेत. त्यांना वाटतंय की मी त्यांची पावती लिहितो आहे.

हिने ताईंना फोनवर सगळं सांगितलं असेलच. पण ही सांगते ती हकीकत चार वाक्यांत संपते आणि माझ्या वाट्याला त्यातलं अर्धं वाक्य येतं. म्हणून सविस्तर लिहितो.

हिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्याला तीन वर्षं झाली. डॉक्टर म्हणाले, चाला. ही चालायला लागली, मग चालणाऱ्यांना मागे टाकायला लागली आणि एक दिवस आमच्या भागातल्या धावणाऱ्यांच्या गटात जाऊन नाव घालून आली. तिच्यावर लक्ष ठेवायला म्हणून मी गेलो. (गटात माझ्यासारखे लक्ष ठेवायला आलेले आणखी तीन नवरे आहेत.) आमच्याकडे वर्षातून एकदा रात्रीची मॅरेथॉन असते. बेचाळीस किलोमीटर आणि वर थोडं. रात्री नऊला सुटते आणि साडेपाच तासांनी, म्हणजे बरोबर अडीचला, शेवटच्या रेषेवरचं लोखंडी फाटक बंद होतं. त्यानंतर आलेल्याला पदक नाही, यादीत नाव नाही. पहिल्या वर्षी हिला अकरा मिनिटं उशीर झाला. दुसऱ्या वर्षी चार. दोन्ही वेळा ही फाटकाचे गज धरून आतली माणसं पदकं घालून फोटो काढताना बघत उभी होती. यंदा तिने मला स्वयंपाकघरात शांतपणे सांगितलं, "तिसऱ्यांदा मला ते फाटक बाहेरून बघायचं नाही. नाही जमलं तर बूट देऊन टाकीन." तुम्ही तुमच्या मेव्हणीला ओळखता. ती आवाज चढवून बोलते तेव्हा काळजी नसते.

आता आमच्या गटाचे प्रमुख शिट्टीमास्तर. हे शाळेत कवायत शिकवायचे, ते निवृत्त झाले पण शिट्टी झाली नाही. त्यांनी यंदा ठरवलं की गटातल्या सावकाश मंडळींसाठी आपलाच पेसर द्यायचा. पेसर म्हणजे हातात झेंडा घेऊन सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच गतीने धावणारा माणूस. झेंड्यावर वेळ लिहिलेली असते. आमच्या झेंड्यावर होती पाच तास पंचवीस मिनिटं. झेंड्याच्या मागे राहा, फाटकाच्या पाच मिनिटं आधी आत याल, असा साधा करार. हे काम कुणाला द्यायचं यावर चर्चाच झाली नाही. मी घड्याळजी आहे, तीस वर्षं लोकांच्या वेळा दुरुस्त करतो आहे, तेव्हा वेळेचं काम घड्याळजीकडे, असं सगळ्यांनी एकमताने ठरवलं आणि मीही मान डोलावली. (न्हाव्याला कुणी डोक्याच्या ऑपरेशनला बोलावत नाही, हे मला घरी आल्यावर सुचलं.)

मास्तरांनी आणखी एक नियम काढला. गेल्या वर्षी प्रत्येकाच्या मनगटावर वेगळं घड्याळ होतं आणि विसाव्या किलोमीटरला विमा एजंट आणि दातांच्या डॉक्टरीणबाई यांच्यात कुणाचं घड्याळ बरोबर यावरून असं जुंपलं की दोघं वाद घालत चुकीच्या रस्त्याला लागले. म्हणून यंदा नियम असा, की झेंड्यामागे धावणाऱ्याने सुरुवातीला आपलं घड्याळ काढून पिशवीत टाकायचं. वेळ बघायची फक्त पेसरने. बाकीच्यांनी झेंडा बघायचा. अकरा जणांनी माझ्यासमोर अकरा घड्याळं पिशवीत टाकली. सगळ्यात शेवटी हिने टाकलं. टाकल्यावर पिशवीची नाडी दोनदा ओढली.

माझ्या हातात मास्तरांनी दिलेलं धावण्याचं घड्याळ होतं. त्यात चाक नाही, काटा नाही, टिकटिक नाही. अशा वस्तूला मी घड्याळ म्हणत नाही, पण दोन महिने सरावात ते वापरून मी त्याच्या सगळ्या सोयी शिकून घेतल्या होत्या. त्यातली एक सोय मला फार आवडली होती. आपण थांबलो की तेही थांबतं आणि आपण निघालो की तेही निघतं. सरावात दर चौकात लाल दिवा लागायचा आणि उगीच उभं राहण्यात वेळ जायचा. तो आपल्या नावावर का लागावा? म्हणून ती सोय मी चालू करून ठेवली होती. साडूभाऊ, आता पुढचं वाचताना तुम्ही हसाल. मी हसलो नव्हतो.

नऊला सुटलो. पहिले तीस किलोमीटर मी असा धावलो की काय सांगू. बंद दुकानांच्या रांगा, दवाखान्याच्या खिडकीत उभी असलेली नर्स, गोदामाबाहेर झोपलेले ट्रक, सगळं मागे जात होतं आणि मी अखंड बोलत होतो. पेसरने बोलत राहायचं असतं, म्हणजे मागच्यांना पायांची आठवण होत नाही. मी त्यांना घड्याळांच्या गोष्टी सांगितल्या, गिऱ्हाइकांच्या सांगितल्या, तुमच्या लग्नात तुमचे बूट हरवले होते ती सांगितली. (माफ करा, सव्विसावा किलोमीटर होता आणि विषय संपत आले होते.) दर अडीच किलोमीटरला पाण्याचं टेबल. तिथे मी सगळ्यांना थांबवत होतो, पाणी पाजत होतो, मोजत होतो आणि पुन्हा पळायला लावत होतो. मनगटावर बघावं तर आम्ही सेकंदाला चोख. हिचा गुडघा बरा होता. माझ्या उजवीकडे आमच्या गटातला बेकरीवाला होता. आयुष्यभर रात्रीच काम केल्यामुळे आमच्यात जागा असा तो एकटाच. बाकीचे डोळे मिटून धावत होते.

चौतिसाव्या किलोमीटरला एका छापखान्यासमोर आयोजकांनी मोठं घड्याळ उभं केलं होतं. माझ्या मनगटावर चार तास बावीस मिनिटं. त्या घड्याळावर चार तास तीस.

मला आधी वाटलं, यांचं पुढे आहे. दुसऱ्याचं घड्याळ चुकीचं हा आमच्या धंद्यातला पहिला विचार. मग वाटलं, आठ मिनिटं कुठलं घड्याळ पुढे जाईल? आणि मग, साडूभाऊ, मला ते लाल दिवे आठवले. तेरा टेबलं. प्रत्येक टेबलाशी आम्ही छत्तीस-सदतीस सेकंद उभे. आम्ही थांबलो की माझं घड्याळ थांबत होतं आणि फाटकाचं चालत होतं. उरलेलं अंतर आठ किलोमीटर दोनशे मीटर. उरलेली मिनिटं साठ. आहे त्या गतीने आम्ही अडीचनंतर चार मिनिटांनी फाटकाशी पोहोचणार होतो. हिला गेल्या वर्षी एवढाच उशीर झाला होता.

सांगावं की नाही? सांगितलं तर विमा एजंट तिथेच खाली बसला असता. डॉक्टरीणबाईंनी चौकशी समिती नेमली असती. आणि ही? हिने काही म्हटलं नसतं, नुसती जोरात पळत सुटली असती आणि दोन किलोमीटरवर गुडघ्याने दगा दिला असता. अकरा माणसांनी आपली घड्याळं माझ्या भरवशावर पिशवीत टाकली होती. मी ठरवलं, सांगायचं नाही, झेंडा थोडा पुढे न्यायचा. किलोमीटरमागे अर्धं मिनिट, कुणाला कळणार नाही इतपत. आणि नवीन सूचना आहे असं सांगून टेबलाशी थांबणं बंद केलं. पाणी पळता पळता घ्या म्हणालो. मी स्वतः घेतलंच नाही, कारण एका हातात झेंडा आणि डोक्यात सगळा वेळ वजाबाकी.

अडतिसाव्याला बेकरीवाल्याची स्वतःची भट्टी रस्त्यावरच होती. ताज्या पावाचा वास सगळ्या गल्लीत पसरला होता. दोघं-तिघं त्या वासाने हळू झाले, तर बेकरीवाल्यानेच त्यांना मागून हाकललं. चाळिसाव्याला माझ्या हिशोबाने साडेसोळा मिनिटं उरली. मला मागचे श्वास ऐकू येत होते. त्यातला हिचा कुठला ते मला कळत होतं, आणि तो बरा नव्हता. मी मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर गती कमी केली असती.

शेवटचं वळण घेतलं तेव्हा समोर फाटकाचे दिवे दिसले. पाचशे मीटर आणि चार मिनिटं दहा सेकंद. आणि नेमका तिथे बेकरीवाल्याच्या पोटरीत गोळा आला. पाय लाकडासारखा झाला आणि तो फुटपाथच्या कडेला बसला. आता पेसरचा धर्म काय? झेंडा थांबवला तर दहा जण बुडणार. पुढे नेला तर एक माणूस रस्त्यात एकटा. मी क्षणाचाही विचार केला नाही. झेंडा हिच्या हातात दिला.

"तुम्ही?" ती म्हणाली.

"मी याला घेऊन येतो. तू मागे बघू नकोस."

तिने झेंडा घेतला आणि निघाली. बाकीचे तिच्यामागे. मी फुटपाथवर बेकरीवाल्याशेजारी बसून त्या पाच-पंचवीसच्या पाटीकडे बघत होतो. ती लहान होत गेली आणि गर्दीत दिसेनाशी झाली. घड्याळात बघायची मला हिंमत होईना. मग शिट्टी ऐकू आली आणि त्यामागोमाग फाटक आपटल्याचा आवाज. ते आत होते की बाहेर, हे काही केल्या कळेना. आम्ही दोघं उठलो आणि एकमेकांना धरून चालत तिथवर गेलो. ते पाचशे मीटर मला आधीच्या सगळ्या किलोमीटरांपेक्षा लांब वाटले.

ती फाटकाच्या आत उभी होती. गजांना धरून, पण आतून. गळ्यात पदक. अडीचला अर्धं मिनिट कमी असताना दहाही जण आत गेले होते. ती रडली नाही, रडलो मी. बेकरीवाला बिचारा रस्त्याकडे बघत राहिला.

घरी जाताना ती म्हणाली, "चौतिसाव्यालाच मला कळलं होतं. तुम्ही गप्प बसलात की काहीतरी बिघडलेलं असतं."

असो. तुमच्या पाठीला मागे कुठलं तेल लागू पडलं होतं ते कळवा. ताईंना नमस्कार.

तुमचा साडू

ता. क. मास्तरांच्या नियमानुसार जो पेसर स्वतः वेळेत पोहोचत नाही त्याला वर्षभर झेंडा मिळत नाही. पुढच्या वर्षीचा झेंडा हिला दिला आहे. मी माझं घड्याळ पिशवीत टाकून तिच्यामागे धावायचं आहे.

ता. क. दुसरा. वर एक गोष्ट खोटी लिहिली आहे. गोळा बेकरीवाल्याच्या पोटरीत आला नव्हता. माझ्या आला होता. आठ किलोमीटर पाणी न पिता धावल्यावर दुसरं काय होणार? मी खाली बसलो, झेंडा हिच्याकडे दिला, आणि तिला मी एवढंच म्हणालो की जा. ती जाईना. (बाकीचे फाटकाचे दिवे बघत पुढे सरकले होते, पाय कुणाचा गेला ते त्यांना दिसलं नाही.) तेव्हा बेकरीवाला म्हणाला, "वहिनी, तुम्ही निघा, मी आहे यांच्याजवळ." तो ताजातवाना होता, साडूभाऊ. भरभर चालत गेला असता तरी आत पोहोचला असता. फाटकाशी मास्तरांनी काय झालं विचारलं, तर माझ्या आधी तोच बोलला, की पाय माझा गेला, हे माझ्यासाठी थांबले. फाटकावरचं घड्याळ बघून माझ्या मनगटावरचा गोंधळ सगळ्यांना कळलाच होता, त्यात हे नको, असं त्याला वाटलं असावं. आणि मी, तीस किलोमीटर तोंड न मिटणारा माणूस, गप्प बसलो. सगळ्यांनी माझी पाठ थोपटली तेव्हाही गप्प बसलो. आज आठवा दिवस आहे. तुमच्या लग्नातल्या बुटांची गोष्ट मी पुन्हा एकदाही सांगितलेली नाही, पाय कुणाचा ते हिला माहीतच आहे, आणि ते मला किती टोचतंय हेही त्यावरून तिने ओळखलंच असेल.

ता. क. तिसरा, आणि पत्र खरं याच्यासाठी. तुमच्याकडे पितळेवर अक्षरं कोरायचं मशीन आहे. एक पदक करून पाठवा. हिचं पदक या पाकिटात तिला न विचारता घातलं आहे, त्यावरून माप घ्या आणि ते लगेच परत करा. वजन तंतोतंत तेवढंच असू द्या. अंतर पूर्ण लिहा, ते त्याने पूर्ण केलं आहे. वेळ लिहू नका. ते आलं की मी रविवारी गटात सगळ्यांसमोर त्याच्या गळ्यात घालणार आहे आणि कुणाचा पाय होता ते सांगणार आहे. फक्त लवकर करा. काल पाव आणायला गेलो होतो, तर भट्टीच्या वर भिंतीत एक रिकामा खिळा दिसला, त्याने शर्यतीच्या आधीच पदकासाठी ठोकून ठेवलेला असणार. मी त्याकडे बघतोय हे त्याच्या लक्षात आलं, तेव्हा त्याने त्यावर पिठाचा टॉवेल टाकला.