स्वस्त झाल्यावर घेऊ

प्रिय आई,

आज दुपारी अकोल्याच्या घरात कूलरसमोर डोळा लागला आणि तू आलीस. गळ्यात तीच सोन्याच्या मण्यांची एकदाणी, अंगावर अंगणवाडीत जायची निळी साडी. उशाशी बसून काहीतरी सांगत होतीस. ओठ हलत होते, पण मला एक शब्द ऐकू येईना! जागी झाले आणि वही ओढली. बोलणं राहून गेलं, निदान लिहावं.

सोन्याचा भाव विचारत होतीस का गं?

दर दसऱ्याला अमरावतीच्या सराफ्यातून तू एकच मणी आणायचीस आणि एकदाणीत ओवायचीस. भाव चढला तसा मणी बारीक होत गेला, तरी तू खूश. एरवीही भाजीला निघालीस की वाट वाकडी करून त्या सराफाच्या दुकानात डोकवायचीस. मी लाजायचे. तू म्हणायचीस, "भाव इचाराले का पैसे पडतेत व?"

भाव वाढला की घरी श्रीखंड! एकही मणी न विकता तू त्या दिवशी श्रीमंत असायचीस. आणि त्याच संध्याकाळी तूरडाळ महागली म्हणून वरणात तांब्याभर पाणी. कॉलेजात अर्थशास्त्र शिकवताना मी हेच तर सांगते: घर, सोनं महागलं की माणसाचा हात सैल होतो, आणि महागाई आली की तोच हात आखडतो. फळ्यावर लिहिताना मला श्रीखंडाचा वास येतो.

तुझा धाकटा सुधीरही तिकडे जर्मनीत तेच करायचा. घराची किंमत वाढली म्हणून त्याने नवी गाडी घेतली. पुढे गॅस महागला तर घरातसुद्धा स्वेटर घालून बसला. ते कळल्यावर तू किती हसलीस! "म्हंजे तिकडंबी माणसंच राह्यतेत!"

मग तुझे कान गेले. तुला कानाच्या यंत्राच्या दुकानात नेलं तो दिवस आठवतो? यंत्र कानात बसवलं आणि तू हात हलवलास. "अवं शालू, माह्या बांगड्या वाजून राह्यल्या!" इतकं निखळ तुला हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. मग तू किंमत विचारलीस. "एवढ्यात तं दोन मणी येतेत. स्वस्त झाल्यावर घेऊ," म्हणालीस आणि यंत्र काढून ठेवलंस.

का ऐकलं नाहीस माझं? पण खरं सांगू? मी फारसा आग्रह केलाच नाही. पैसे वाचले म्हणून मनातून बरंच वाटलं होतं मला. त्यानंतरची, तू जाईपर्यंतची चार वर्षं कुणी काहीही म्हटलं तरी नुसती हसत राहिलीस, आणि आम्ही तुझ्याशी बोलणं कमी कमी करत गेलो.

आता माझाही डावा कान गेलाय. गेल्या आठवड्यात मी त्याच दुकानात बसले होते. किंमत ऐकून उठले आणि तोंडातून निघालं, "स्वस्त झाल्यावर घेऊ." दारातच पाय थबकले.

घरी येऊन तुझी एकदाणी मांडीवर घेतली. यंत्र महागलंय, पण सोनं त्याच्या कितीतरी पुढे गेलंय. आज एकाच मण्यात ते येतं, आई! तू होतीस तेव्हाच ते मण्यांच्या मानाने स्वस्त झालं होतं. रोज भाव तू विचारत होतीस, आणि अर्थशास्त्राच्या बाईंना हे साधं गणित दिसलं नाही.

उद्या सकाळच्या गाडीने अमरावतीला जाते आहे. सराफ्यात तुझ्या नेहमीच्याच दुकानात एकदाणीचा दोरा सोडवून एक मणी विकेन. यंत्र लावलं की आधी हात हलवून बांगड्या ऐकेन, तुझ्या वाटच्याही. मग रोज दुपारी कूलर बंद करून पडेन. तू ये आणि पुन्हा सांग. या वेळी ऐकेन.

तुझीच,
शालू